किल्ली फिरते, गाडी अडते : घरच्या घरी निदान आणि उपाय

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. बोईसरला रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे साडेचारच्या सुमारास आईला श्वास घेणे जड जाऊ लागले. वय ७८, त्यातून दम्याची जुनी तक्रार. डॉक्टरांना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, "वेळ घालवू नका, पालघरला घेऊन या." मी आईला हात धरून अंगणात आणले, गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले, परंतु 'टक्' असा एकच आवाज झाला आणि सर्व शांत झाले. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. किल्ली फिरवली की दिवे मालवत आणि सोडली की पुन्हा उजळत. दुकान घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर असल्याने पावसाच्या दिवसांत गाडी काढण्याचा प्रसंगच आला नव्हता. अकरा दिवस ती एका जागी उभी होती.

शेजारचे दूधवाले काका त्याच वेळी पिकअप काढत होते. त्यांनी काहीही न विचारता दुधाचे कॅन मागे सरकवले, आईला पुढे बसवले आणि बारा-तेरा किलोमीटरचे अंतर पावसातून कापून आम्हांला रुग्णालयात पोहोचवले. आई चौथ्या दिवशी सुखरूप घरी आली. परंतु अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीकडे पाहताना माझ्या मनात एक विचार सतत येत राहिला. काकांचा पिकअप त्या वेळी निघत नसता, तर?

त्यानंतर गाडी पाहण्यास आलेल्या एका कारागिराने बोनेट उघडून दोन मिनिटांत निर्णय दिला : बॅटरी गेली, स्टार्टरही गेला, दोन्ही बदला. खर्चाचा आकडा पंधरा हजारांच्या घरात होता. सुदैवाने त्याच संध्याकाळी अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा माझा भाचा घरी आला. त्याने मल्टिमीटर लावून पाहिले. बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती मृत नव्हती. मग त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या क्लॅम्पवर टेकवली व मला किल्ली फिरवण्यास सांगितले. ज्या दोन धातूंमध्ये काहीच फरक दिसायला नको, तिथे सहा व्होल्टांहून अधिक फरक दिसला. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा थर साचला होता आणि सगळी ताकद तिथेच अडत होती. चमचाभर खाण्याचा सोडा, कोमट पाणी आणि जुना दात घासण्याचा ब्रश एवढ्या सामग्रीवर गाडी सुरू झाली. आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, एवढी मोठी गाडी, आणि चमचाभर सोड्यावर अडली होती होय?"

त्या एका वाक्याने हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले. आपण व्यापारी माणसे दुकानातील एका रुपयाच्या फरकासाठी रात्री रोजमेळ पुन्हा तपासतो. मात्र ज्या वाहनावर घरातील वृद्धांचा, लेकरांचा आणि धंद्याचा भार असतो, त्याचा हिशेब आपण पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवतो. गाडी दुरुस्त करणे हे कारागिराचेच काम आहे. परंतु ती का सुरू होत नाही, हे ओळखणे मात्र घरातील प्रत्येक चालकाला, मुलीसुनांनाही, सहज जमण्यासारखे आहे.

गाडी सुरू होते म्हणजे काय होते?

पूर्वीच्या मोटारी लोखंडी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याचे भय असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम बसवला गेला आणि मोटार चालवणे अंगबळाचे काम राहिले नाही. आपल्या देशात सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि 'प्रीमियर पद्मिनी' या गाड्या बाहेर पडल्या. ज्यांनी त्या गाड्या वापरल्या त्या वडीलधाऱ्यांना सकाळी चोक ओढणे, कार्ब्युरेटर झटकणे, प्लग पुसणे हे सारे ठाऊक आहे. आजच्या गाडीत चोकही नाही आणि कार्ब्युरेटरही नाही. त्यांची जागा संगणकाने घेतली आहे. तरीही मूळ साखळी तीच राहिली आहे.

त्या साखळीचे चार दुवे आहेत. बॅटरी विजेचा साठा देते. जाड तारा आणि त्यांचे सांधे ती वीज वाहून नेतात. स्टार्टर, ज्याला आपण 'सेल्फ' म्हणतो, इंजिनाला पहिली गती देतो. आणि अखेरीस इंधन, ठिणगी व संगणकाची परवानगी एकत्र आली की इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागते. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर त्या क्षणी शंभर ते दोनशे अँपिअर वीज ओढतो, तर डॅशबोर्डवरचे दिवे जेमतेम दोन-चार अँपिअरवर चालतात. म्हणूनच "दिवे तर लागतात, मग बॅटरी कशी खराब असेल?" हा तर्क फसवा ठरतो. खराब सांध्यातून दोन अँपिअर सहज जातात; दीडशे जात नाहीत.

प्रथम कान द्या

गाडी अडली की आपण घाबरून पुन्हा पुन्हा किल्ली फिरवतो. त्याऐवजी एकदाच फिरवावी आणि लक्ष देऊन ऐकावे. निदानाचे निम्मे काम तिथेच होते.

१. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत : बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल निसटले आहे.

२. काहीच आवाज नाही, पण दिवे प्रखर आहेत आणि किल्ली फिरवतानाही मंद होत नाहीत : वीज स्टार्टरपर्यंत जाण्याचा आदेशच मिळत नाही. स्वयंचलित गाडीत लीव्हर 'पी' किंवा 'एन' वर आहे का, ब्रेक दाबलेला आहे का, बटण-स्टार्ट गाडीत क्लच पूर्ण दाबला आहे का, हे आधी पाहावे. सारे ठीक असेल तर फ्यूज, रिले किंवा किल्लीचा स्विच तपासावा लागतो.

३. 'टकटकटकटक' असा भराभर आवाज : बॅटरी कमजोर आहे. स्टार्टरचा सोलेनॉइड ओढला जातो, वीज पुरत नाही म्हणून सुटतो आणि पुन्हा ओढला जातो.

४. एकच जोरदार 'टक्' : सांधा खराब, अर्थिंगची तार सैल किंवा स्टार्टर अडकलेला. या क्षणी दिवे मालवत असतील तर आधी बॅटरी आणि टर्मिनल पाहावे; दिवे तसेच प्रखर राहत असतील तर संशय स्टार्टरवर घ्यावा.

५. सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पेटत नाही : बॅटरी निर्दोष आहे. दोष इंधनात, ठिणगीत किंवा संगणकाच्या परवानगीत शोधावा.

किल्लीच फिरत नसेल तर बहुधा स्टिअरिंग कुलूपबंद झालेले असते. स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवावी. जोर लावून किल्ली मोडून घेऊ नये.

बॅटरीचा जमाखर्च

मल्टिमीटर हे काही शंभर रुपयांत विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारे साधन प्रत्येक घरात असावे. गाडी किमान चार-पाच तास उभी राहिल्यावर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर तारा टेकवाव्यात. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास पाव. त्याहून खाली गेलेली बॅटरी चार्जरवर लावणे आवश्यक होय. मग कोणाला तरी सेल्फ मारण्यास सांगावे आणि आकडा पाहावा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी उतरलेली किंवा जीर्ण झालेली आहे. गाडी सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत हाच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसला पाहिजे. तो साडेबाराच्या आसपासच रेंगाळत असेल, तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी तीही चार दिवसांत उतरेल. केवळ बॅटरी बदलून तक्रार मिटत नाही, तेव्हा अनेकदा कारण हेच असते.

आता जमाखर्च पाहू. कुलूप लावून उभी केलेली गाडीही झोपत नाही. सेंट्रल लॉक, धोक्याचा अलार्म, संगणकाची स्मृती यांसाठी ती थोडी वीज खर्च करतच असते. हा खर्च साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. समजा, तो ३० आहे. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, म्हणजे अकरा दिवसांत जवळजवळ आठ. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. त्यातील पाव हिस्सा गेला. माझ्या बॅटरीने दाखवलेले १२.४ व्होल्ट नेमके हेच सांगत होते. निरोगी बॅटरी एवढ्यावर गाडी सहज सुरू करते. परंतु खर्च ५० असेल, तर महिनाभरात ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे भांडवलच संपते. डिकीतील पाच वॅटचा दिवा चुकून जळत राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-तास खर्ची पडतात आणि दोनच दिवसांत निम्म्याहून अधिक साठा रिकामा होतो.

पालघर आणि बोईसर स्थानकांबाहेर सकाळी गाडी उभी करून लोकलने मुंबईला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून त्यांची संख्या वाढली आहे. उतरताना केबिनचा दिवा आणि पार्किंग लाइट एकदा पाहण्याची सवय लावावी. पालिताणा किंवा सम्मेदशिखरजीच्या यात्रेला पंधरा-वीस दिवसांसाठी निघताना बॅटरीचा ऋण क्लॅम्प काढून ठेवावा आणि गाडीला किल्लीने कुलूप लावावे. परतल्यावर घड्याळ व काचांची मांडणी पुन्हा करावी लागेल, एवढीच काय ती गैरसोय. हे जमत नसेल तर घरातील कोणीतरी आठवड्यातून एकदा गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर चालवावी. अंगणात पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद केल्याने फारसा लाभ होत नाही.

आपल्या उष्ण हवेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे साथ देते. खरेदीची पावती जपावी, बॅटरीवर खरेदीची तारीख रंगाने लिहावी आणि तिसऱ्या वर्षानंतर दर पावसाळ्यापूर्वी ती तपासून घ्यावी.

चमचाभर सोडा

आपल्या भागाला समुद्र लाभला आहे. चिंचणी-तारापूरची खारी, ओलसर हवा आणि औद्योगिक वसाहतीतील रासायनिक वाफा यांच्यात उभ्या असलेल्या गाडीच्या धातूला गंज लवकर धरतो. बॅटरीतील आम्लाची वाफ त्यात मिसळली की टर्मिनलवर पांढरी भुकटी जमते. तांब्याशी संयोग झाला की ती निळसर-हिरवी दिसते. मुंबईत दोन वर्षांनी करण्याचे काम इथे सहा महिन्यांनी करावे, असा माझा अनुभव आहे.

कृती अशी : हातातील अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. इंजिन व दिवे बंद करावेत. दहा नंबरच्या पान्याने प्रथम ऋण क्लॅम्प सैल करून काढावा, मग धन. हा क्रम चुकवू नये. ऋण आधी काढला असता पाना गाडीच्या लोखंडाला चुकून लागला तरी ठिणगी उडत नाही. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या ब्रशने खुंट्या व क्लॅम्प घासावेत. फेस येतो, तो आम्ल निष्प्रभ होत असल्याची खूण होय. पाणी बॅटरीच्या झाकणाच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे, बारीक पॉलिश पेपरने धातू चकचकीत करावा, आधी धन व शेवटी ऋण क्लॅम्प घट्ट बसवावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. भुकटी डोळ्यांत किंवा त्वचेवर गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

वेळ नसेल आणि घरात आजारी माणूस गाडीत बसलेले असेल, तर एक तात्पुरता उपाय : किल्ली बंद ठेवून क्लॅम्प खुंटीवर डावी-उजवीकडे दोन-तीनदा घट्ट पिळून बसवावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. त्या पहाटे मला एवढे जरी ठाऊक असते, तरी गाडी निघाली असती.

जंपर केबल आणि धक्का

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीचा आधार देताना क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही गाड्या परस्परांना स्पर्श न करता जवळ उभ्या कराव्यात आणि दोन्हींची इंजिने बंद ठेवावीत. लाल केबल आधी अडलेल्या बॅटरीच्या धन खुंटीला, मग चांगल्या बॅटरीच्या धन खुंटीला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि तिचे शेवटचे टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये म्हणून हा नियम. मग चांगली गाडी सुरू करून पाच-सात मिनिटे थांबावे आणि त्यानंतर अडलेली सुरू करावी. केबल काढताना उलटा क्रम पाळावा. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये. काडेपेटी पेटवून बॅटरीत डोकावण्याची जुनी सवय तर प्राणघातक ठरू शकते.

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीला धक्का देऊनही सुरू करता येते. किल्ली 'ऑन' ठेवावी, क्लच दाबून दुसरा गिअर टाकावा, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडावा आणि इंजिन पेटताच पुन्हा दाबावा. बॅटरीत थोडा जीव असेल तरच हे साधते, कारण इंधनपंप व संगणक यांनाही वीज लागते. स्वयंचलित किंवा एएमटी गाडीला धक्का देऊ नये. मनोरच्या मस्तान नाक्यावर किंवा चिल्हार फाट्यावर महामार्गाच्या कडेला अडकल्यास धक्का देण्याच्या फंदात पडू नये; चारही इंडिकेटर लावावेत, त्रिकोण मागे ठेवावा आणि घरच्यांना कठड्याबाहेर उभे करावे. गाडी दुरुस्त होते, माणूस नाही.

सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही

आपल्याकडे सीएनजी गाड्या बहुसंख्य आहेत आणि काटकसर हा आपला स्वभाव आहे. या दोहोंच्या संयोगातून एक दोष जन्मतो. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली तर टाकीत भरपूर गॅस असूनही गाडी सुरू होत नाही. शिवाय टाकीत बुडालेला इंधनपंप पेट्रोलनेच थंड राहतो. तो कोरडा फिरत राहिला की जळतो. दुसरी बाजू अशी की टाकीत पडून राहिलेले पेट्रोल शिळे होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून टाकी किमान पाव भरलेली ठेवावी आणि आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर काटावे. गॅसवर वाचवलेले पैसे पंपावर घालवणे हा काही नफ्याचा व्यवहार नव्हे.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. गाडीत शांतता ठेवून किल्ली 'ऑन' करावी, सेल्फ मारू नये. मागील आसनाखालून दोन सेकंद बारीक 'गूं' असा आवाज यावा. तो पंपाचा होय. तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज किंवा रिले पाहावा. फ्यूजपेटीच्या झाकणावर नकाशा असतो; जळालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरच्या फ्यूजने बदलावा, तार गुंडाळून कधीही नाही.

डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडी आपली किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. बटण-स्टार्ट गाडीत किल्लीतील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर किल्ली बटणालाच टेकवून बटण दाबावे. बहुतेक गाड्या तशा सुरू होतात.

दुकानाच्या डिझेल पिकअपसाठी दोन गोष्टी : सकाळी किल्ली 'ऑन' करून वेटोळ्याचे चिन्ह विझेपर्यंत थांबावे आणि मगच सेल्फ मारावा, पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी सोडावे. कोणत्याही गाडीचा सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे. अन्यथा किरकोळ दोषापायी स्टार्टर जळतो.

एक सूचना नव्या काळाची. विजेवर चालणाऱ्या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिची तपासणी वरीलप्रमाणेच करावी. मात्र नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नये.

पाणी शिरलेली गाडी

मुसळधार पावसात सखल भागात गाडीत पाणी शिरते. सकाळी पाणी ओसरते आणि आपण अधीरतेने किल्ली फिरवतो. हीच सर्वांत महाग पडणारी चूक होय. हवा आणि इंधनाची वाफ दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाते. गाडीत पाणी शिरले असेल तर किल्ली फिरवू नये. ऋण क्लॅम्प काढावा, छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी.

बोनेटवर दोन थापा

धान्याचे, भुसार मालाचे दुकान किंवा गोदाम घरालगत असले की उंदीर असतात आणि पावसाळ्यात त्यांना इंजिनाची ऊब आवडते. ते तारा कुरतडतात आणि चांगली गाडी एका सकाळी मुकी होते. विष किंवा चिकट सापळे हा आपल्या घरांतील मार्ग नाही, आणि त्याची गरजही नाही. पोत्यांपासून गाडी दूर उभी करावी, गाडीत खाऊचे तुकडे राहू देऊ नयेत, खालची जमीन झाडलेली असावी. रात्री बोनेट थोडे उघडे ठेवल्यास अंधार आणि ऊब दोन्ही कमी होतात व उंदीर फिरकत नाहीत. बोनेटखाली दिवा असल्यास तो बंद झाला आहे याची खात्री मात्र करावी. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी व खालच्या मोकळ्या जागी बारीक तारेची जाळी जाणकाराकडून बसवून घ्यावी. रोज हलणाऱ्या गाडीत घरटे होत नाही.

मांजरीची पिल्लेही थंडी-पावसात इंजिनावर येऊन निजतात. किल्ली फिरवण्यापूर्वी बोनेटवर हाताने दोन थापा माराव्यात आणि क्षणभर थांबावे. एखादा जीव वाचतो आणि पंख्याचा पट्टाही.

हिशेबाची वही

त्या घटनेनंतर मी गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यात तीन आकडे लिहितो : उभ्या गाडीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे आणि इंजिन चालू असतानाचे. काम पाच मिनिटांचे आहे. आकडे महिन्यामहिन्याला उतरू लागले की बॅटरी दगा देण्याआधी सूचना देते. डिकीत जंपर केबल, दहा नंबरचा पाना, चार फ्यूज, टॉर्च, हातमोजे आणि डबीत थोडा सोडा असतो.

आणि एक शिकवण यंत्रापलीकडची. कारागिराकडे जाताना "गाडी सुरू होत नाही" एवढेच न सांगता "दिवे मालवतात, एकच टक् होते, उभी असताना बॅटरी १२.४ दाखवते" असे सांगावे. प्रामाणिक कारागिराचे काम सोपे होते आणि दुसऱ्या प्रकारच्या कारागिराला समोरचा माणूस हिशेबी आहे हे कळते.

आईचा श्वास आता बरा आहे. दूधवाले काका अजूनही पहाटे साडेचारलाच पिकअप काढतात. गेल्या महिन्यात एका पहाटे त्यांचाच सेल्फ 'टकटक' करू लागला. मी केबल घेऊन बाहेर गेलो, लाल-काळ्याचा क्रम मनात म्हणत ती जोडली आणि सहा मिनिटांत पिकअप सुरू झाला. काका हसून म्हणाले, "शेठ, फेड झाली." मी म्हटले, "काका, त्या पहाटेची फेड व्हायची नाही. हे फक्त व्याज."